थॅचरबाईंचे २५ टक्के

नमस्कार श्रोतेहो.

१९८२ सालचा जानेवारी महिना. लालबागच्या आमच्या खोलीत रात्री जेवणं झाली की बाबा ट्रान्झिस्टर कानाला लावून बसायचे. बीबीसीची हिंदी सेवा. आवाज मध्येच समुद्रासारखा वर यायचा, मध्येच बुडायचा, मग बाबा एरियल खिडकीच्या गजाला टेकवायचे. एरवी पहिली पाळी असली की लवकर झोपणारा माणूस, पण त्या महिन्यात पाळीच नव्हती. १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला होता. आणि आठवडाभरातच त्या ट्रान्झिस्टरवर बातमी आली, की इंग्लंडात बेकारांची संख्या ३० लाखांच्या वर गेली. बाबा आईला म्हणाले, "ऐकलंस का? साहेबाच्या गिरण्यापण बंद." त्यांच्या खात्यातल्या जुन्या यंत्रांवर बिडाची पाटी होती, प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम. लँकेशायरचं ओल्डहॅम. त्यांना वाटायचं ते यंत्रासारखंच कायम टिकणारं गाव असेल.

आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते त्या वेळच्या ब्रिटनबद्दल, तिथल्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्याबद्दल. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी त्यांना थॅचरबाईच केलं होतं, तेव्हा मीही तसंच म्हणतो. मंदीच्या भर चटक्यात लोक आपल्या नेत्याबद्दल काय बोलतात, आणि दीड वर्षानं काय करतात, याचं इतकं विचित्र उदाहरण माझ्या तरी पाहण्यात दुसरं नाही.

बाई निवडून आल्या मे १९७९ मध्ये. त्यांच्या हुजूर पक्षाला, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला, ४३ जागांचं बहुमत मिळालं. त्याआधीच्या हिवाळ्यात संपच संप झाले होते, रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले होते, लोक मजूर पक्षाला कंटाळले होते. हुजूर पक्षानं तर निवडणुकीआधीच भित्तिपत्रकं लावली होती. बेकारांची लांबलचक रांग, आणि वर ओळ, की मजूर पक्ष काही कामाचा नाही. तेव्हा बेकार होते १३-१४ लाख. तो आकडा लक्षात ठेवा.

बाई ग्रँथम गावच्या किराणा दुकानदाराची लेक. देशाचं अंदाजपत्रक म्हणजे घराचा जमाखर्चच, असं त्या मनापासून मानायच्या आणि सांगायच्या. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपल्या आजीला जितकं पटलेलं असतं तितकंच त्यांनाही पटलेलं होतं. महागाई हा मुख्य रोग, बाजारात पैसा फार झाला म्हणून तो होतो, तेव्हा पैसा आवळा, सरकारी खर्च कापा, व्याज चढवा. नोव्हेंबर १९७९ मध्ये व्याजाचा मूळ दर १७ टक्क्यांवर नेला. आयकर कमी केला, पण त्याची भरपाई म्हणून व्हॅट एकदम १५ टक्के केला, आणि तो तर दुकानातल्या किमतीतच जातो. गंमत बघा, महागाई मोडायला आलेल्या सरकारच्या पहिल्याच वर्षात महागाई दुपटीनं वाढून मे १९८० मध्ये २२ टक्क्यांच्या घरात गेली.

त्यात उत्तर समुद्रात तेल सापडलेलं. तेल आणि चढं व्याज, यामुळे पौंड महाग झाला, आणि पौंड महाग म्हणजे इंग्लंडात बनलेला माल परदेशी गिऱ्हाइकाला महाग. कारखाने पटापट मिटले. डरहॅम परगण्यात कॉन्सेट नावाचं गाव आहे. तिथं पोलादाचा कारखाना होता, सरकारी मालकीचा. त्याच्या धुराड्यांतून तांबडी धूळ उडायची. ती छपरांवर, खिडक्यांवर, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची. धूळ आहे म्हणजे भट्टी पेटलेली आहे, असा हिशोब. सप्टेंबर १९८० मध्ये तो कारखाना बंद झाला. एका फटक्यात ३,७०० माणसं घरी बसली आणि गावाची हवा स्वच्छ झाली. आमच्या गिरणगावातल्या कुणालाही विचारा, भोंगा थांबल्यावरची शांतता कशी असते ते.

त्याच्या पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबरमध्ये, ब्रायटनला पक्षाचं अधिवेशन होतं. पक्षातलेच बरेच जण कुजबुजत होते, की बाई, आता धोरण फिरवा. बाई व्यासपीठावरून म्हणाल्या, तुम्हाला फिरायचं तर खुशाल फिरा, ही बाई फिरणारी नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. पण टाळ्या सभागृहात होत्या. बाहेर बेकारी २० लाखांच्या वर गेली होती.

मार्च १९८१ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री जेफ्री हाव यांनी भर मंदीत कर वाढवले. पेट्रोल, बिअर, सिगारेट, सगळं महाग. आता घरचा हिशोब आणि देशाचा हिशोब इथं वेगळा होतो, असं मला वाटतं. घरानं पाय आखडले तर शेजाऱ्याचं काही बिघडत नाही, पण सरकारनं पाय आखडले की कुणाचं तरी बिल थकतं, कुणाचा तरी पगार जातो. त्या महिन्याच्या अखेरीस ३६४ अर्थशास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्सला पत्र लिहून हेच बजावलं. यावर एक किस्सा सांगतात. विरोधी पक्षनेते मायकेल फूट यांनी संसदेत विचारलं, तुमच्याशी सहमत असे दोन अर्थशास्त्रज्ञ तरी सांगा. बाईंनी दोन नावं सांगितली. परतताना गाडीत एक अधिकारी म्हणे हळूच म्हणाला, बरं झालं त्यांनी तीन नाही विचारले.

एप्रिलमध्ये लंडनच्या ब्रिक्सटनमध्ये दंगल झाली. जुलैत लिव्हरपूलच्या टॉक्सटेथमध्ये, आणि साउथॉलमध्येही, म्हणजे आपल्या पंजाबी मंडळींच्या वस्तीत. मंदी हे एकच कारण नव्हतं, पोलिसांची वागणूक, वर्णद्वेष, बरंच काही होतं. पण बाईंचे मंत्री नॉर्मन टेबिट यांनी शरद ऋतूत दिलेलं उत्तर लोकांच्या डोक्यात राहिलं. माझे वडील १९३० च्या दशकात बेकार होते, त्यांनी दंगल केली नाही, सायकल काढली आणि काम शोधत फिरले. कॉन्सेटच्या माणसानं सायकल काढून जायचं कुठं, हे टेबिटसाहेबांनी सांगितलं नाही.

डिसेंबर १९८१. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेनं नेहमीचा प्रश्न विचारला, पंतप्रधान म्हणून तुम्ही यांच्यावर समाधानी आहात का? २५ टक्के लोक हो म्हणाले. ब्रिटनमध्ये अशा चाचण्या सुरू झाल्यापासून कुठल्याही पंतप्रधानाची इतकी घसरण झाली नव्हती. मजूर पक्षातून फुटलेल्यांचा नवा पक्ष आणि उदारमतवादी यांची आघाडी याच चाचणीत ५० टक्क्यांवर होती. तुम्ही त्या दिवशी लंडनमध्ये असता आणि कुणी पैज लावली असती, तर बाईंवर चार आणेसुद्धा लावले नसते.

आता जून १९८३ वर येऊ. हुजूर पक्षाला ३९७ जागा, १४४ चं बहुमत.

लोक चटकन उत्तर देतात, फॉकलंड. एप्रिल १९८२ मध्ये अर्जेंटिनानं दक्षिण अटलांटिकमधली ती ब्रिटिश बेटं घेतली, बाईंनी आरमार पाठवलं, जूनमध्ये ती परत मिळवली, आणि उन्हाळ्यापर्यंत बाईंवर समाधानी असणाऱ्यांचा आकडा दुपटीच्या आसपास गेला. हे सगळं खरं आहे. पण युद्धापूर्वीच, मार्चमध्ये, तिन्ही बाजू चाचण्यांत जवळजवळ सारख्या झाल्या होत्या. म्हणजे वर चढणं आधीच सुरू झालं होतं. पुढे एसेक्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी आकडेमोड करून दाखवलं, की युद्धाचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी होता. त्यावर वादही झाला. मला स्वतःला त्यांचं म्हणणं बरंचसं पटतं, कारण मधल्या काळात घराघरांत काय चाललं होतं ते पाहा.

महागाई उतरत होती, निवडणुकीच्या वेळी ती ४ टक्क्यांच्याही खाली आली. व्याज उतरलं, त्याबरोबर घराच्या कर्जाचा हप्ता उतरला. ३० लाख बेकार ही भयंकर गोष्ट, पण ज्याची नोकरी टिकली होती त्याचा पगार आता महागाईच्या पुढे धावत होता, आणि असे लोक दहात जवळजवळ नऊ होते. त्यातच १९८० च्या कायद्यानं नगरपालिकेच्या घरांत राहणाऱ्या भाडेकरूंना तीच घरं सवलतीत विकत घेता येऊ लागली, जुन्या भाडेकरूला अर्ध्या किमतीपर्यंत सूट. आपल्या भाषेत, भाड्याची खोली ओनरशिपची झाली. अशा घरांचे दरवाजे ओळखू यायचे म्हणतात. शेजारची सगळी दारं नगरपालिकेच्या एकाच रंगाची, आणि मधलं एक नवंकोरं, पितळी कडीचं. त्या दारामागचा माणूस पिढीजात मजूर पक्षाचा असला तरी १९८३ मध्ये त्याचं मत कुठं गेलं असेल, सांगायला नको.

आणि समोर कोण होतं? मायकेल फूट विद्वान, सज्जन, पण त्यांच्या पक्षात उभी फूट. (नावावर कोटी नाही करत आहे, खरंच तसं झालं होतं.) मजूर पक्षाला २७.६ टक्के मतं, आघाडीला २५.४. जवळजवळ बरोबरी. पण मजूर पक्षाच्या जागा २०९ आणि आघाडीच्या फक्त २३. मतं विभागली की काय होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बाईंच्या पक्षाला १९७९ पेक्षा जवळपास सात लाख मतं कमीच पडली होती. बहुमत मात्र तिपटीच्या वर.

म्हणून मला त्या २५ टक्क्यांचं कुतूहल वाटतं. समाधानी आहात का, असं विचारलं तर लोक नाही म्हणाले, आणि खरंच नव्हते. मतपत्रिकेवर मात्र हा प्रश्न नसतो. तिथं विचारलेलं असतं, यांच्याऐवजी कोण? बाई आवडत नाही, पण निदान ती काय करणार ते कळतं, असं म्हणणारे कितीतरी होते. ब्रायटनचं ते वाक्य बेकारी चढत असताना उद्धटपणाचं वाटलं. महागाई उतरल्यावर तेच वाक्य खंबीरपणाचं झालं. बेकारी मात्र १९८३ मध्येही ३० लाखांच्या आसपासच होती, आणि पुढची काही वर्षं तिथंच राहिली. कॉन्सेटमध्ये भट्टी पुन्हा पेटली नाही.

जून १९८३ च्या त्या रात्री आमच्याकडेही संप चालू होता, म्हणजे कागदोपत्री चालू होता. चाळीतली निम्मी बिऱ्हाडं गावी गेली होती, कोकणात, साताऱ्याला. बाबांनी निकाल ऐकला आणि शेजारच्या गुरवकाकांना हाक मारली. "अहो गुरव, तिकडे बाई परत आली. दणक्यात." गुरवकाका कठड्याला टेकून विडी ओढत होते. म्हणाले, "आणि ते तीस लाख? त्यांनी मत दिलंच नाय काय?"

बाबांनी उत्तर दिलं नाही. ट्रान्झिस्टर बंद केला, मागचं झाकण उघडून सेल काढून ठेवले. नवे सेल आणायला त्या महिन्यात पैसे नव्हते.

नमस्कार.