आकडा खरा, पण टक्के कशाचे?

[दृश्य: पैठण. नाथसागराचा काठ, सकाळची वेळ. उतरत गेलेल्या पाण्याने चिखलावर सोडलेल्या रेघा.]

नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, पाणी किती? समजा, आज या धरणात 1450 दशलक्ष घनमीटर (दलघमी) पाणी आहे. एक लेखक लिहितो, "धरण निम्मे भरले." दुसरा लिहितो, "जेमतेम 33 टक्के साठा." दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही.

जायकवाडीची एकूण क्षमता 2909 दलघमी आहे. त्यातले 738 दलघमी म्हणजे मृतसाठा, तळाचे पाणी. कालव्यांसाठी ते हिशेबात धरत नाहीत. उरतात 2171 दलघमी, तो उपयुक्त साठा. पहिल्या लेखकाने 1450 ला सरळ 2909 ने भागले. दुसऱ्याने आधी मृतसाठा वजा केला आणि उरलेल्या 712 ला 2171 ने भागले. भागाकार दोन्ही बरोबर आहेत. टक्के कशाचे, हे मात्र दोघांनीही वाचकाला सांगितलेले नाही.

मराठवाड्यात पाण्यावर, अनुशेषावर, उसावर, पीकविम्यावर सतत लिहिले जाते. लिहायलाच हवे. पण मन वळवण्यासाठी लिहिलेला लेख बातमीसारखा वाचला, की वाचक फसतो. असा लेख पेन्सिल हातात घेऊन वाचावा लागतो.

[दृश्य: अभ्यासिकेतले टेबल. छापील कागद, पेन्सिल, शेजारी कोरी वही.]

हा परिच्छेद आम्ही या चित्रफितीसाठी बेतला आहे. भाषा मात्र रोज वाचनात येते तीच ठेवली आहे.

"वर्षानुवर्षे आपल्या हक्काचे पाणी अडवले जाते. जाणकार सांगतात, की यंदा धरणात फक्त 33 टक्के साठा आहे आणि त्याला वरची धरणेच कारणीभूत आहेत. आपली लेकरे टँकरपुढे घागरी घेऊन उभी असताना आपण गप्प बसायचे का?"

[दृश्य: पेन्सिल 'अडवले जाते' या शब्दांखाली थांबते.]

सुरुवात क्रियापदांपासून करा. 'अडवले जाते.' कोणी अडवले? वाक्यात कर्ताच नाही. कर्ता नसला की आरोप सगळ्यांवर होतो आणि तपासता कोणावरचाच येत नाही. वहीत हेच वाक्य कर्ता घालून लिहून पाहा: अमुक धरणातून अमुक तारखेपर्यंत इतके पाणी सोडण्याचा आदेश होता, ते सोडले नाही. आता धरणाचे नाव लागेल, तारीख लागेल, आदेश लागेल. लेखात यातले काही सापडले नाही, तर त्या वाक्यात अजून दावा नाही, नुसता राग आहे. राग रास्त असेलही, पण त्याने काही सिद्ध होत नाही.

एकाच घटनेला तीन क्रियापदे भेटतील. वरच्या, म्हणजे नाशिक-नगरकडच्या धरणांतून पाणी 'सोडले', हे दप्तरातले क्रियापद. पाणी 'अडवले', हे खालच्यांचे. पाणी 'पळवले', हे वरच्यांचे. 'पळवले' म्हणताच चोरी झाली असे गृहीत धरले जाते आणि मालकी कोणाची, हा खरा वादाचा मुद्दा न बोलताच निकाली निघतो. 'हक्काचे पाणी' हा शब्दप्रयोगही तेच काम करतो, फक्त आपल्या बाजूने. हक्क असेल तर तो कोणत्या कायद्याने, हे लेखाने सांगायला हवे. सांगता येते: 2005 च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाची तरतूद आहे. ज्या लेखकाने हे लिहिले, त्याने मेहनत घेतली आहे.

[दृश्य: 'धरणेच' या शब्दातल्या 'च' भोवती गोल.]

मराठीतले सर्वांत लहान आणि सर्वांत महाग अक्षर हे आहे. 'वरची धरणे कारणीभूत आहेत', इथे धरणे हे एक कारण झाले. 'वरची धरणेच' म्हटले, की बाकी सगळी कारणे नाकारली: पाणलोटातला कमी पाऊस, बाष्पीभवन, लाभक्षेत्रातला ऊस, कालव्यांची गळती. 'च' वापरणाऱ्याने ही बाकीची कारणे एकेक करून बाजूला सारून दाखवली पाहिजेत. म्हणून 'च' काढून वाक्य पुन्हा वाचा. दावा एकदम बेताचा होतो आणि बहुतेक वेळा खऱ्याच्या जवळ येतो.

'आपण' हा शब्दही असाच. 'आम्ही' म्हटले असते तर वाचक बाहेर उभा राहून ऐकत राहिला असता. 'आपण' म्हणताच तो लेखकाच्या ओट्यावर येऊन बसतो आणि तिथून उठून प्रश्न विचारणे त्याला अवघड जाते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तरही आधीच ठरलेले आहे. 'होय, गप्प बसायचे,' असे कोण म्हणेल? लेकरे, टँकर, घागरी हे चित्र खोटे नाही. मराठवाड्याने ते पाहिले आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पण त्या टंचाईचे चित्र वरच्या धरणांविषयीच्या दाव्याचा पुरावा होत नाही. लातूरचे पाणी मांजरा प्रकल्पातून येते आणि मांजरा धरण मांजरा नदीवर आहे. मुळा, दारणा, गंगापूर या वरच्या धरणांखाली नाही.

[दृश्य: पेन्सिल 'जाणकार सांगतात' वर.]

आता हे जाणकार. आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या तर्कपरंपरेत, ज्ञानाची चार प्रमाणे मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे वचन. इथे आप्त म्हणजे नातलग नव्हे. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनांच्या भाष्यात त्याची खूण दिली आहे: ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. म्हणजे कसोट्या दोन. याला हे कळण्याचा मार्ग काय? आणि जसे आहे तसे सांगण्यात याचा फायदा आहे की तोटा?

या दोन कसोट्या वेगवेगळ्या लावायच्या असतात, आणि चूक नेमकी इथेच होते. कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी घ्या. पाणी मिळावे, यात त्याचा स्वार्थ उघड आहे. तरी आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीत, त्याच्या चारीला किती दिवस पाणी आले, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तिथे तो आप्त आहे. धरणाच्या टक्केवारीबाबत मात्र त्याच्याकडेही ऐकीव माहितीच असते. नावापुढे डॉक्टर, प्राध्यापक, माजी अधिकारी लावलेले असले तरी हाच नियम: पदवी कोणत्या विषयाची आणि बोलणे कोणत्या विषयावर? स्वार्थ दिसला म्हणून माणूस रद्द करू नका. त्याचे कोणते वाक्य स्वार्थाने झुकू शकते, तेवढे बाजूला काढा आणि तेच दुसरीकडे पडताळा.

[दृश्य: वहीत लिहिले जाते: आकडा, एकक, तारीख, मूळ ठिकाण.]

आकडा दिसला की वहीत चार रकाने पाडा. आकडा किती, एकक कोणते, कोणत्या दिवसाचा, आणि तो जन्मला कुठे. एककात घोळ फार होतो: एक टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे सुमारे 28.3 दलघमी. त्यामुळे मृतसाठाच 26 टीएमसी भरतो. उपयुक्त साठा शून्यावर आला तरी 'धरणात 26 टीएमसी पाणी' असे लिहिता येते. तारीखही तितकीच महत्त्वाची. जलसंपदा विभाग धरणसाठ्याचे आकडे रोज देतो. जूनचा आकडा ऑक्टोबरच्या वादात घातला, तर तो काही सांगत नाही. पैसेवारीचेही, म्हणजे पीक किती आले याच्या सरकारी अंदाजाचेही, तसेच. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा तीन पायऱ्या असतात. अंतिम पैसेवारी 50 पैशांच्या आत आली की नाही, यावर टंचाईच्या सवलती ठरतात. म्हणून कोणती पैसेवारी, हे न लिहिता दिलेला आकडा अर्धाच आहे.

लेख वाचता वाचता तिथेच थांबून लेखाबाहेर पडा. तोच आकडा मूळ ठिकाणी शोधा, मग विरुद्ध बाजूचा एक लेख उघडा. लेखकाचे संकेतस्थळ देखणे आहे, भाषा शुद्ध आहे, यावरून विश्वास ठेवणे हा सर्वांत कच्चा मार्ग. दहा ठिकाणी तेच वाक्य शब्दशः सापडले, तर ते दहा साक्षीदार नव्हेत. एकाचीच नक्कल दहा जणांनी केलेली असते.

फोटोसाठी तारखेचा वेगळा माग काढा. उलट शोध घेऊन, म्हणजे तो फोटोच इंटरनेटवर शोधायला टाकून, तो आधी कधी छापला गेला ते पाहा. भेगाळलेल्या जमिनीला गाव नसते, पण मागच्या गाडीच्या पाटीला असते. बीडचा म्हणून दिलेल्या फोटोत एमएच 23 च दिसेल असे नाही, तरी सगळ्याच गाड्या दुसऱ्या टोकाच्या असतील तर शंका घ्या. फलकावर 'उस्मानाबाद' असेल तर फोटो नामांतराआधीचा असू शकतो. असू शकतो इतकेच, कारण जुने फलक लगेच उतरत नाहीत.

[दृश्य: कागदाचा रिकामा समास.]

सर्वांत अवघड काम शेवटी येते: लेखात काय नाही ते पाहणे. आमच्या नमुन्यात 33 टक्के आहेत, पण ते किती असायला हवे होते, याचा उल्लेख नाही. गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातल्या पाणीवाटपावरच्या 2013 च्या मेंढेगिरी समितीच्या मांडणीत 15 ऑक्टोबरचा साठा आणि 65 टक्के ही पातळी धरली आहे. त्याखाली साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न येतो. हे 65 टक्के उपयुक्त साठ्याचे, म्हणजे सुमारे 1411 दलघमी. कोणी एकूण क्षमतेवर टक्के काढले, तर 1891 दलघमी पाण्यालाच 65 टक्के म्हणेल. मृतसाठा वजा केल्यावर प्रत्यक्षात तो उपयुक्त साठा 53 टक्केच असतो. एका भाजकावर वरच्या धरणांची दारे उघडायची की नाही, हे फिरते. या पातळीचा नंतर फेरविचारही झाला आहे, म्हणून लेख कोणत्या वर्षाचा, हे आधी पाहा.

एवढे झाल्यावर परिच्छेद फेकून देऊ नका. एक दोष सापडला म्हणून सगळा लेख खोटा ठरवणे, हीही तितकीच मोठी चूक. शोधलेली तारीख आणि भाजक घालून वहीत तो पुन्हा मांडा, समजा असा: "15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा 33 टक्के होता. ठरलेली पातळी 65 होती. त्यामुळे वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा मुद्दा उभा राहतो." घागरी गेल्या, 'च' गेला, जाणकार गेले. मराठवाड्याची बाजू मात्र जागेवर आहे, आणि आता ती नाशिक-नगरच्या वाचकापुढेही ठेवता येते.

[दृश्य: दुसरा कागद सरकवला जातो. मथळा: 'आमच्या तोंडचे पाणी पळवले'. पेन्सिल पुन्हा पहिल्या क्रियापदाखाली.]