रोबोटला चित्र कशाला हवं?

घरी पडून असलेला यूएसबी वेबकॅम आर्डुइनो ऊनोला (रोबोट चालवणाऱ्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला) थेट जोडून रोबोटला डोळा देता येईल का, हा प्रश्न कार्यशाळेत हमखास येतो. नाही देता येत. पहिली अडचण यूएसबीचीच. तिथं बोलणं होस्टनं सुरू करायचं असतं. वेबकॅम डिव्हाइस, आणि ऊनोचं पोर्टही डिव्हाइसच. दोघेही पाहुणे, यजमान कुणीच नाही.

होस्ट शील्ड, म्हणजे ऊनोला यूएसबीचा यजमान बनवणारा जोडबोर्ड, बसवली तरी गाडी पुढं अडतेच. ६४० बाय ४८० चं एक चित्र, पिक्सेलला दोन बाइट धरले तर ६,१४,४०० बाइटांचं. ऊनो आर३ ची रॅम २,०४८ बाइट! सेकंदाला ३० चित्रं म्हणजे जवळपास १४७ मेगाबिट, आणि शील्डवरच्या मॅक्स३४२१ई चिपची मजल १२ मेगाबिटपर्यंत.

पण चित्र साठवायलाच हवं, असं कुणी सांगितलं? अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेला पहिला सीएमयूकॅम बघा. त्यातल्या एसएक्स२८ मायक्रोकंट्रोलरला रॅम होती १३६ बाइट. हो, एकशे छत्तीस. तरीही तो रंगीत वस्तूचा माग सेकंदाला साधारण १७ वेळा काढायचा. गोम अशी: सेन्सरकडून ओळ येत असतानाच प्रत्येक पिक्सेल ठरवलेल्या रंगमर्यादेत बसतो का, ते बघायचं. बसला तर मोजणी एकनं वाढवायची, त्याचा आडवा-उभा क्रमांक बेरजेत टाकायचा आणि पिक्सेल सोडून द्यायचा. शेवटची ओळ संपली की बेरजेला मोजणीनं भागा, वस्तूचा मध्य हातात. या सगळ्यात अख्खं चित्र कुठंच तयार झालेलं नसतं.

मात्र ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची आपोआप रंग जुळवण्याची सोय) बंद ठेवा. लाल चेंडू जवळ येऊन फ्रेम भरून गेली की कॅमेरा आपल्या मतानं रंग दुरुस्त करायला जातो आणि आपली मर्यादा हुकते. मुलं बिचारी कोडमध्ये चूक शोधत बसतात.

वेबकॅमच वापरायचा असेल तर मधे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घाला. होस्ट तो होतो, ओपनसीव्ही हे चित्र तपासणारं सॉफ्टवेअर चेंडू शोधतं आणि सिरियल जोडणीवरून ऊनोला जातो फक्त एक बाइट: ० ते २५४ म्हणजे चेंडूची आडवी जागा, २५५ म्हणजे चेंडू दिसत नाही. मोटरांचं पीडब्ल्यूएम, म्हणजे वेग ठरवणारे विजेचे ठोके, ऊनोनं सांभाळावं. ३२० बाय २४० पुष्कळ झालं. मोठ्या चित्राच्या नादात फ्रेम साचत गेल्या, तर रोबोट मघाच्या चेंडूमागं धावतो. उजेड कमी असला की ऑटो एक्स्पोजर (प्रत्येक चित्रासाठी उजेड घेण्याचा वेळ) लांबतं, फ्रेम आणखी घटतात. एखादा दिवा लावणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

आणि ऊनोच्या कोडमध्ये एक अट घालाच. २०० मिलिसेकंदांत नवा बाइट आला नाही, तर दोन्ही मोटर बंद. ही अट नसताना रास्पबेरी पाय अडकला किंवा केबल सुटली, तर ऊनो शेवटचाच हुकूम पाळत राहतो आणि रोबोट थेट टेबलाच्या कडेकडे निघतो.