बटाटे म्हणजे हातबॉम्ब

वायरलेसच्या खरखरीतून शब्द येतो: ‘चाय-दा-गाही’. नवाहो ही अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात; तिच्या भाषेत याचा अर्थ कासव. पण ऐकणारा नवाहो सैनिक कागदावर लिहितो: रणगाडा. ‘नि-मा-सी’ म्हणजे बटाटे, म्हणून हातबॉम्ब. अंडी म्हणजे विमानातून पडणारे बॉम्ब. लोखंडी मासा म्हणजे पाणबुडी. आणि अमेरिकेला शब्द होता ‘ने-हे-मा’. आपली आई.

साल १९४२. पॅसिफिकच्या युद्धात जपानी सैन्य अमेरिकेचे गुप्त संदेश फोडत होतं. फिलिप जॉन्स्टन हा मिशनऱ्याचा मुलगा, लहानपण नवाहोंमध्येच गेलेलं. ही भाषा वापरून पाहा, असं त्यानं मरीन दलाला सुचवलं. २९ नवाहो तरुण भरती झाले आणि ही सांकेतिक बोली त्यांनीच बसवली. रणांगणावर जाताना सगळं तोंडपाठ.

भाषा येत असली तरी संकेत उलगडत नसे. जो कियूमिया हा नवाहो सैनिक जपान्यांच्या कैदेत होता. त्याचे अतोनात हाल केले, संदेश ऐकवले. शब्द ओळखीचे, पण वाक्याचा काही मेळच लागेना.

फेब्रुवारी १९४५, इवो जिमा हे जपानी बेट. पहिल्या दोन दिवसांत सहा नवाहोंनी ८०० हून जास्त संदेशांची देवाणघेवाण केली. एकही चुकला नाही. हे लोक नसते तर इवो जिमा हाती आलंच नसतं, असं तिथले मरीन दलाचे संदेशवहन अधिकारी मेजर हॉवर्ड कॉनर यांनी सांगून ठेवलंय.

आता जरा मागे, या मुलांच्या शाळेत जाऊया. सरकारी वसतिगृहाची शाळा. तिथं नवाहो बोलायला बंदी. त्या २९ जणांपैकी चेस्टर नेझ सांगायचे, की तोंडून आपल्या भाषेतला शब्द निघाला की तोंडात साबण घासला जाई. चेस्टर हे नावसुद्धा शाळेनंच दिलेलं. ज्या जिभेवर साबण घासला, तीच पुढं सरकारच्या कामी आली. हे ऐकताना फार वाईट वाटतं.

युद्ध संपलं. कुणाला काही सांगायचं नाही, असा हुकूम घेऊन ते घरी परतले. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत त्यांना मतदानाचा हक्क मिळाला तो १९४८ मध्ये. गुपित उघड झालं १९६८ मध्ये. पहिल्या २९ जणांना सुवर्णपदकं मिळाली २००१ मध्ये. तोवर हयात होते फक्त पाच जण.

त्या पदकाच्या मागच्या बाजूला एक ओळ कोरलेली आहे: आपल्या भाषेच्या बळावर त्यांनी शत्रूला हरवलं. ओळ नवाहो भाषेत आहे.