गंगेवरच्या भिंतीतला नेचा

पानाची मागची बाजू बघा. दिंडोरीकडचा कोबी आहे हा, आणि ही बारीक हिरवी अळी, बोट लावलं की पटकन धाग्याला लटकते. मोठी झाली की हिचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग होतो. दादांनी सकाळपासून औषधाचा तिसरा पंप भरलाय, तरी पानांची जाळी झालीच.

आता चला गंगेवर, म्हणजे आपल्या नाशिकच्या गोदावरीवर. जुन्या भिंतीच्या सांध्यातून, चुन्याला धरून आलेला हा नेचा, टेरिस व्हिटाटा. याला कुणी पंप मारत नाही!

2001 मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी सांगितलं, की लाकडाला लावायच्या औषधाने खराब झालेल्या जमिनीत हाच नेचा मजेत वाढतोय आणि पानांत आर्सेनिक नावाचं विष भरून ठेवतोय. मुद्दाम आर्सेनिक घातलेल्या मातीत तर वाळल्या पानाच्या वजनाच्या 2 टक्क्यांच्या वर गेलं. माती जशी तसा हा, चुन्यात नसेल तर पानात कुठून येणार.

हे होतं कसं, तर मातीतलं आर्सेनेट दिसायला स्फुरदासारखं, म्हणजे फॉस्फेटसारखं, मग मुळं स्फुरदाच्याच दारातून त्याला आत घेतात. बाकीची झाडं ते बरंचसं मुळातच अडकवून ठेवतात, हा पठ्ठ्या मात्र त्याचं रूप बदलून पाण्याबरोबर वर पानात पाठवतो आणि पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत कोंडतो. नेच्याला काही होत नाही, प्रयोगात नाकतोड्यांनी मात्र असली पानं खायची टाळली. कडू रसायन असतं तर किडीने कधी ना कधी मोडून पचवलं असतं, पण आर्सेनिक हे मूलद्रव्यच, ते मोडणार कसं?

अशी पानं चाऱ्यात गेली तर विष गुरांच्या पोटात, तेवढं सांभाळायचं.

आणि हो, तो कोबीवाला पतंग. अमेरिकेत कोलोरॅडोत स्टॅनलेया नावाचं झाड असंच सेलेनियम साठवतं, तेही जास्त झालं की विषारी मूलद्रव्यच, त्यावर याच जातीच्या अळ्या आरामात चरताना सापडल्या, आणि त्या अळ्यांवर वाढणारी बारकी गांधीलमाशीसुद्धा तिथे होतीच. 1953 साली जावा बेटावर डीडीटी या कीटकनाशकालाही न जुमानणारा तो हाच पतंग.

दादांचा चौथा पंप भरून झालाय, निघाले बघा वाफ्यात.