रेडियमची अक्षरं आणि खाऱ्या वाऱ्यातला पत्रा

[दृश्य : रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर. मासळी भरून निघालेला टेम्पो. फाळक्यावर मालकाचं नाव. त्यातले दोन अनुस्वार गळालेले.]

गाडीवर चिकटवलेल्या अशा अक्षरांना सगळे रेडियम म्हणतात. प्रत्यक्षात ती व्हिनाइलची पातळ फिल्म असते, मागे गोंद लावलेला. हा गोंद पत्र्याला कधी लागतच नाही, तो धरतो रंगाच्या सगळ्यात वरच्या थराला. तो थर सुटला की नाव त्याच्यासकट सुटतं, मग फिल्म कितीही महाग असो.

मासळीच्या टेम्पोचा फाळका सगळ्यात अवघड. बर्फाचं खारं पाणी त्यावरून ओघळत राहतं. मीठ रंगाच्या बारीक भेगांत बसतं आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. वरून रेडियम बसलं की तो ओलावा आतच कोंडतो. पावसाळा लागला की अक्षराखाली तांदळाएवढे फोड दिसायला लागतात. टाचणी लावली तर कधी कधी आतून तांबूस पाणी येतं, म्हणजे गंज पत्र्यापर्यंत पोचलेला असतो.

[जवळून : काळं फडकं रंगावरून फिरतंय.]

म्हणून नाव कापण्याआधी रंग तपासायचा. काळ्या फडक्याला पांढरट भुकटी लागली, तर वरचा थर उन्हाने मेलेला आहे. मग ब्लेडने २ मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या, सहा आडव्या रेघा मारायच्या. २५ चौकोन तयार होतात. त्यावर टेप घट्ट दाबून झटक्यात ओढायची. चौकोन टेपबरोबर निघून आले, तर त्या जागी रेडियम लावू नये. गिऱ्हाईक घाईत असलं तरी नाही.

नुसती भुकटी असेल तर गोड्या पाण्याने धुऊन ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने ओलं घासायचं, पाणी दुधाळ यायचं थांबेपर्यंत. पोपडे असतील तर पक्क्या रंगापर्यंत खरवडून १८० आणि मग ३२० नंबरने कडा उतरत्या करायच्या. कड राहिली तर फिल्म तिच्यावर तंबूसारखी ताणली जाते आणि तिथूनच हवा शिरते. गंज तारेच्या ब्रशने चकाकी येईपर्यंत काढायचा आणि प्रायमर त्याच दिवशी मारायचा. खाऱ्या हवेत उघडा पत्रा एका रात्रीत पुन्हा लाल होतो. अख्खी गाडी रंगवणं परवडत नसेल, तर नावापुरता पट्टा हार्डनरवाल्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाने मारून घ्यावा. खर्च कमी, आणि पट्टा उठूनही दिसतो.

ताज्या रंगाची घाई मात्र नडते. ब्रशने मारलेला ऑइल पेंट दुसऱ्या दिवशी हाताला सुका लागतो, पण आतला थिनर पुढे कित्येक दिवस बाहेर पडत असतो. वर फिल्म आली की त्याचे फुगे होतात. तळहाताएवढा तुकडा लावून २४ तास ठेवावा. फुगे आले तर थांबायचं. दमट हवेत ही वाट आणखी लांबते.

[दृश्य : शेडमध्ये दोन फडकी, एक ओलं, एक कोरडं.]

शेवटची पुसणी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. ते उडून जायच्या आत कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं, नाहीतर तेलकटपणा तिथेच पसरतो. रॉकेल नको, त्याचा ओशटपणा राहतो. एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनरही नको, ऑइल पेंट त्याने सुरकुततो.

अशा पत्र्यावर साबणाचं पाणी मारून लावायची पद्धतही टाळावी. पाणी भेगांत जाऊन बसतं. सावलीत, कोरडंच, मधून कडेकडे स्क्वीजी (फिल्म दाबायची चपटी पट्टी) ओढत लावायचं.

देवनागरीचं एक वेगळं आहे. शिरोरेषेला भिडलेली अक्षरं प्लॉटरवर, म्हणजे फिल्म कापायच्या मशीनवर, पाठवण्याआधी एकसंध जोडून घ्यावी लागतात, नाहीतर कटर प्रत्येक जोडावर चिरा मारतो. आणि अनुस्वार सगळ्यात आधी गळतो, कारण त्याला धरायला जागाच इवलीशी. तो थोडा मोठाच कापावा. शिरोरेषा पत्र्याच्या जोडावरून जात असेल, तर जोडावर ब्लेडने कापून दोन्ही बाजू दाबून घ्यायच्या.

ट्रान्सफर टेप, म्हणजे कापलेली अक्षरं उचलून पत्र्यावर बसवणारी वरची टेप, स्वतःवरच मागे दुमडून, हळू काढायची. तिच्याबरोबर अक्षर उचललं, तर पुन्हा दाबून घ्यायचं. गाडी त्या रात्री बंदरावर नेऊ नये. गोंदाची पकड भरायला निदान २४ तास लागतात. पुढेही धुताना प्रेशरचं पाणी अक्षरांच्या कडेवर तिरकं मारायचं नाही. समोरून मारायचं, हातभर लांबून.