चाळ बांधायच्या आधी

माहितीपटाचं निवेदन

(दृश्य: दुपार. महामार्ग. तारेवर वाळणारी लुगडी.)

धाराशिवकडून बीडच्या दिशेनं निघालात की येरमाळ्याच्या आसपास रस्त्याच्या कडेला कला केंद्रांच्या, म्हणजे लावणीच्या बैठका चालतात त्या जागांच्या, पाट्या दिसू लागतात. अशाच एका पाटीमागं पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे. खोल्यांपुढं तार बांधलीय आणि तारेवर लुगडी वाळतायत. हिरवं, जांभळं, डाळिंबी. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. एक लुगडं पसरलं की दोन खोल्यांची दारं झाकली जातात.

एसटी जवळून जाते तेव्हा खिडकीतली माणसं वळून बघतात. कुणी शेजाऱ्याला कोपर मारतं. गाडी पुढं निघून जाते.

धुणं वाळत घालणाऱ्या बाईला हे रोजचंच आहे. ती पिळा उलगडते, झटकते, पुढचं लुगडं हातात घेते.

(दृश्य: हात. बांगड्या. बादली.)

या फिल्ममध्ये हात आणि पायच जास्त दिसतील. चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी इथं नाचणाऱ्या चौघींनी सांगितलं, चेहरा नको. एकीच्या लेकराला शाळेत आई हॉटेलात कामाला आहे असं सांगितलेलं आहे. एकीचा भाऊ गावात राहतो. आम्ही होकार दिला आणि तो पाळलाय. आत ज्या बैठका होतात, तिथंही कॅमेरा नेला नाही. तुम्हाला दिसेल ते बाकीच्या वीस तासांतलं.

(दृश्य: सकाळ. हॉल. खाली अंथरलेली सतरंजी. पेटीचा आवाज.)

अकरा वाजता तालीम सुरू होते. पेटीवाले मामा सूर धरतात. ढोलकीवाल्यानं ढोलकी मांडीवर घेतलीय. दोरीतल्या कड्या तो एकेक करून सरकवतो, थाप मारतो, कान लावतो, परत सरकवतो. सकाळच्या हवेत कातडं वेगळं बोलतं आणि रात्री पंख्याखाली वेगळं, म्हणून हे दिवसातून दोनदा करावं लागतं. धाकटी तोवर भिंतीला टेकून बसलीय. तिचं वय बावीस. रात्री तीनला झोपली, आठला उठून भाकरी केल्या, आता तालमीला आलीय.

तालमीला चाळ, म्हणजे पायात बांधायच्या घुंगरांच्या माळा, नसतात. नुसती पावलं. "चाळ बांदला की चूक झाकती," थोरली म्हणते, "उघड्या पायानं नाच, मंजी दिसती."

थोरलीचं वय सदतीस. या पार्टीची, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्यांच्या संचाची, मालकीण तीच. नाच ती आईकडून शिकली, आईनं तिच्या आईकडून घेतला. घरात तीन पिढ्यांचे चाळ आहेत.

(दृश्य: खिळ्यावर टांगलेले चाळ. जवळून.)

हा आजीचा चाळ. पितळ काळं पडलंय. दोरी तिनदा बदललीय, घुंगरू तेच आहेत. आम्ही शेजारच्या किराणा दुकानातून काटा मागून आणला. एका पायाचा चाळ भरला एक किलो आठशे ग्रॅम. दोन्ही पायांचे मिळून साडेतीन किलोच्या वर. ते घेऊन ठेका धरायचा, गिरकी घ्यायची आणि शेवटी खाडकन थांबायचं. थांबल्यावर एकही घुंगरू वाजता कामा नये. नाचाची सगळी परीक्षा त्या थांबण्यात आहे आणि टाळ्या नेमक्या त्यावर पडत नाहीत.

बांधायच्या आधी घोट्याला सुती पट्टी गुंडाळतात. मग चाळ कपाळाला लावतात आणि खालून वर बांधत नेतात, सैलही नाही आणि काचेलही असं नाही. पट्टी नीट बसली नाही तर दोरी कातडीत रुतते. थोरलीच्या दोन्ही घोट्यांवर पडलेलं काळं कडं आता कधीच जाणार नाही.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. ढोलकी, तुणतुणं, हलगी. मग परत हॉल.)

इथं थोडं मागं जायला हवं, कारण लोक सगळ्याला तमाशा म्हणतात आणि तिथंच गफलत होते.

तमाशाचे दोन रस्ते आहेत. एक ढोलकी फडाचा. त्यात गण, गवळण, बतावणी आणि वग, म्हणजे नाटक, येतं, सोंगाड्या असतो, बायकांबरोबर पुरुषही उभे असतात, मोठा तंबू लागतो आणि जत्रा-यात्रांचा हंगाम धरून फड गावोगाव फिरतो. दुसरा रस्ता संगीत बारीचा. इथं वग नाही, सोंगाड्या नाही. गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायका, पेटी, तबला, ढोलकी. बारी म्हणजे पाळी. एका थिएटरात चार पार्ट्या असल्या तर प्रत्येकीला आपली पाळी मिळते. आपण ज्या बायकांसोबत आहोत, त्या या दुसऱ्या रस्त्यावरच्या.

पेशवाईत रामजोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ यांनी रचलेल्या लावण्या नाचणारणींच्या गळ्यातूनही टिकल्या. लावणीच्या प्रकारांत एक बालेघाटी लावणी आहे, विरहाची, दुःखाची. तिच्या नावातच आपला बालाघाट आहे, बीड-धाराशिव-लातुरातून जाणारा हाच डोंगर. आमच्या मराठवाड्यानं स्वतःच्या डोंगराचं नाव असलेली लावणी ऐकायची सोडली आणि ती गाणाऱ्या बाईकडं बघायचं तेवढं चालू ठेवलं, हे मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

(दृश्य: थोरली बसून गाते. फक्त हात, पदर आणि सावली.)

बैठकीची लावणी बसून गातात. पाय दुमडलेले, पदर खांद्यावर, हात मोकळे. सगळं काम हाताचं, मानेचं आणि डोळ्यांचं. ओळ एकच. "अहो" या एका शब्दावर थोरली दहा वेळा परत येते. एकदा रुसलेली, एकदा वाट बघणारी, एकदा टोमणा मारणारी. एकदा तर ती नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळते, गळ्यातून काहीच येत नाही, आणि पेटीवाले मामा तिची वाट बघत सूर धरून राहतात. याला अदा म्हणतात. ही यायला दहा-बारा वर्षं जातात. वाईच्या यमुनाबाई वाईकर ज्या अदाकारीसाठी ओळखल्या जात, ती हीच. सरकारनं त्यांना २०१२ साली पद्मश्री दिली.

थोरली बैठकीच्या चाळीस लावण्या जाणते. गेल्या वर्षभरात लोकांनी त्यातल्या चारच मागितल्या. बाकी फर्माइश सिनेमाच्या गाण्यांची. हल्ली काही ठिकाणी साजिंदे उठवून डीजे लावतात, मग पेटीवाल्या मामांना काम उरत नाही.

(दृश्य: आरसा. पावडर, काजळ, पिना.)

संध्याकाळी पाच. खोली दहा बाय दहाची. आरसा एक, बायका पाच. लुगडं नेसायला एकटीला जमत नाही. एकजण निऱ्या धरते, दुसरी कासोटा मागं खोचते, तिसरी पिना तोंडात धरून उभी राहते. धाकटीच्या अंगावर आज बावीस पिना लागल्या. एकही सैल राहिली तर गिरकीत लुगडं सुटतं, आणि सुटलेल्या लुगड्याला समोरून शिट्टी येते. म्हणून पिना मोजून लावतात आणि रात्री मोजून काढतात.

अंबाडा, गजरा, नथ, कमरपट्टा. खोलीत मेंदीचा, पावडरीचा आणि चुलीवरच्या वरणाचा एकच वास. चुलीला धाकटीची लेक बसलीय. सात वर्षांची आहे. तिच्या हातात पळी आहे आणि मांडीवर पाढ्यांचं पुस्तक.

(दृश्य: शाळेचा अर्ज. रकाना.)

त्या लेकीच्या शाळाप्रवेशाचा हा अर्ज. वडिलांच्या नावाचा रकाना. तो भरायचा कसा, हा प्रश्न इथल्या पिढ्यान् पिढ्यांना पडलाय. कुणी मामाचं नाव घातलं, कुणी देवाचं. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं राज्यानं बंधनकारक केलंय. मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. धाकटीला हे आम्ही सांगितलं. ती म्हणाली, "माझी त्याच्या आदीची हाय की ओ."

तिनं मग अर्ज परत पिशवीत ठेवला.

(दृश्य: रात्र. पाटीवरचे दिवे. मोटारी. आम्ही बाहेरच.)

रात्री आठनंतर गाड्या यायला लागतात. आत गादी-लोड, समोर जागा. फर्माइश होते, नोट वर होते, तिला दौलतजादा म्हणतात. जमलेल्या पैशातून केंद्राचा वाटा निघतो, साजिंद्यांचा निघतो, मालकिणीचा निघतो, उरतं ते नाचणाऱ्यांत वाटलं जातं. आजारपणाला, लग्नाला, घराच्या पत्र्याला पैसा लागला तर उचल घेतात. बीड जिल्ह्यात हा शब्द सगळ्यांना कळतो. ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून घेतं तीही उचलच, आणि ती फिटेपर्यंत कोयता सुटत नाही, तसा इथं चाळ सुटत नाही.

थोरलीची उचल अजून फिटलेली नाही.

लोक या बायकांना बारवाल्या म्हणतात. बारी आणि बार, दोन शब्द जवळ आले आणि चिकटले. २००५ साली राज्यानं डान्सबारवर बंदी घातली, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ती उठवली, २०१६ साली नवा कायदा आला, त्यातल्या बऱ्याच अटी २०१९ साली न्यायालयानं काढून टाकल्या. या सगळ्या वर्षांत टीव्हीवर तीच ती दृश्यं दिसत राहिली आणि गावाकडं लोकांनी तेच चित्र इथल्या बायकांना लावलं. डान्सबारमध्ये नाचणारीही पोटासाठी नाचते, तिला कमी लेखायचं इथं कारण नाही. पण थोरलीला राग येतो तो तिची पाळी, तिची तालीम, तिच्या आजीचा चाळ एका शब्दात पुसला जातो याचा.

आणि आता मोबाईल. समोर बसलेला कुणीतरी अर्ध्या मिनिटाचं चित्रण करतो, गिरकीतलं नेमकं तेवढंच कापतो आणि सोडून देतो. धाकटीचं असं एक चित्रण तिच्या मावसभावापर्यंत पोचलं. त्या दिवाळीला ती गावी गेली नाही.

(दृश्य: माळेगाव यात्रा. घोडे, धूळ, भंडारा. मंडप.)

नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातलं माळेगाव. मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, बैल, घोंगड्या, भंडारा. जिल्हा परिषद इथं लावणी महोत्सव भरवते. आमच्या हाती लागलेलं सगळ्यात सुंदर चित्रण इथलंच आहे, म्हणून थोडं सविस्तर बघू.

थोरलीची पार्टी दुपारी टेम्पोनं आली. मंडपामागं कनात लावून त्यांनी खोलीसारखी जागा केली. जवळच घोड्यांचा बाजार होता. चाळ वाजला तसा एक घोडा कान टवकारून उभा राहिला आणि ढोलकीवाल्यानं हसत त्याच्यासाठी दोन थापा मारल्या.

मंचावर पेटी, तबला, ढोलकी. डीजे नाही. समोर माणसांचा सागर, आणि डाव्या हाताला, बघा, बायका बसलेल्या आहेत. डोक्यावर पदर, कडेवर लेकरं. थोरलीनं मुजरा केला तेव्हा त्यातल्या एका म्हातारीनं बसल्या जागेवरून हात जोडले. थोरली त्या दिवशी चाळीस मिनिटं गायली आणि सुरुवात तिनं बालेघाटीनं केली. कुणी मागितली नव्हती.

शेवटी शाल आणि नारळ. निवेदकानं तिला लोककलावंत म्हटलं. हा शब्द माइकवरून ऐकला तेव्हा ती मंडपामागं पाणी पीत होती. तिनं तांब्या खाली ठेवला आणि निवेदकाकडं बघत राहिली.

(दृश्य: परतीचा टेम्पो. रात्र.)

तिसऱ्या दिवशी ती परत येरमाळ्याला. बाजाराच्या दिवशी भाजी घेताना दुकानदारानं सुटे पैसे तिच्या हातावर ठेवले नाहीत, फळीवर ठेवले.

(दृश्य: म्हातारी, पाठमोरी. दारात बसलेली.)

शेवटच्या खोलीत थोरलीची आई राहते. गुडघे गेलेत. सरकार ज्येष्ठ कलावंतांना महिना ५,००० रुपये मानधन देतं. त्यासाठी कला सादर केल्याचे पुरावे लागतात. कात्रणं, पत्रिका, प्रमाणपत्रं. तिच्याकडं पुरावा म्हणून एक फोटो आहे, त्याच्या मागं काही लिहिलेलं नाही. अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्यांदा करायचं ठरलंय.

आम्ही विचारलं, एखादी ओळ म्हणाल का. ती म्हणाली, आवाज गेला. मग पेटीवाले मामा आतून सूर देऊ लागले आणि तिनं नुसता हात उचलला, मनगटातून वळवला आणि खाली आणला. लावणी न म्हणता ओळ संपवली.

(दृश्य: रात्रीचे अडीच. पाय. गरम पाणी.)

दिवे गेले. पाट्या विझल्या. धाकटी चाळ सोडते, वरून खाली. पट्टी उलगडते. घोट्यावर दोरीची नक्षी उठलीय. परातीत गरम पाणी, मूठभर मीठ. "नाचून आल्यावर पाय दगडावानी होत्यात," ती म्हणते, आणि परातीत पाय सोडून डोळे मिटते. पिना मोजून डबीत जातात. एकवीस. बाविसावी लुगड्यात सापडते.

चाळ खिळ्यावर, लेकीच्या दप्तराच्या शेजारी.

(दृश्य: पहाट. टँकर.)

साडेसहाला टँकरचा हॉर्न वाजतो. मार्च सुरू झाला की इथं पाण्याचं असंच. वस्तीवरच्या बायका हंडे घेऊन येतात, केंद्रातल्या बायकाही. धाकटी दोन घागरी घेऊन रांगेकडं निघालीय. पाय अजून सुजलेले आहेत, म्हणून ती टाचांवर चालते.