पाण्यासाठी कोण उठतं?

मंडळी, गेल्या उन्हाळ्यात कॉलेजच्या मुलांना घेऊन मी एका नगरपालिकेच्या गावात घरोघर हिंडलो. हातात प्रश्नावली. गावाचं नाव सांगत नाही, कारण तुमच्यातले निम्मे म्हणतील, हे तर आमचंच. एका घरी आजींना विचारलं, "पाण्याबद्दल समाधानी आहात का?" "हो की, काय तक्रार नाही." मुलानं 'समाधानी'वर खूण केली. आजींच्या मागे पडवीत तीन निळी पिंपं, हंडे-कळश्यांची रांग आणि नळाला लावलेला, पाणी ओढणारा छोटा टिल्लू पंप. पाणी एक दिवसाआड, पहाटे चारला. तेव्हा सून उठते. सुनेला आम्ही विचारलंच नाही.

लहान गावात लोक ज्याला समाधान म्हणतात, ते बहुतेक वेळा स्वतः लावून घेतलेल्या सोयीचं असतं. पिंप, बोअर, इन्व्हर्टर, आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे ओळख. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याचा मोबाइल नंबर असला, की पाणी कधी सुटणार ते आदल्या रात्रीच कळतं. भाडेकरूकडे तो नंबर नसतो.

टिल्लूचंच बघा. मी पंप लावला की लाइनीच्या टोकाच्या वस्तीत पाण्याचा दाब कमी होतो, मग तेही लावतात. शिवाय नळ बंद असताना पाइप रिकामा पडतो, आणि गळती असेल तिथून गटाराचं पाणी आत शिरतं. पहिली कळशी आपण ओतून देतो ती उगाच नाही. केंद्राच्या 1999 च्या नियमावलीतला कागदावरचा निकष बघाल, तर भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज 135 लिटर, नसलेल्याला 70 असा होता. गटार नाही म्हणून पाणीही कमी!

आता मोजमापाचं. केंद्राच्या 2020 च्या राहणीमान निर्देशांकात ('ईज ऑफ लिव्हिंग') नागरिकांच्या मताला 30 टक्के वजन होतं. चांगली गोष्ट. पण त्यात शहरं 111, तीही मोठी किंवा स्मार्ट सिटीच्या यादीतली. आपल्या गावांचा नंबर लागतो तो स्वच्छ सर्वेक्षणात, आणि लागतो तेव्हा जोरात लागतो: लाखाच्या आतल्या शहरांत 2020 साली कराड पहिलं, 2021 ला विटा, 2023 ला सासवड. मिरवणुका निघाव्यात असंच यश आहे. पण तो घंटागाडीचा निकाल, नळाचा नव्हे.

नळाचा निकाल बघायचा तर कराडला लागूनच असलेल्या मलकापूरला जा. तिथं मीटर बसवून चोवीस तास पाण्याची योजना केली. पाइप कायम भरलेला असला, की बाहेरची घाण आत ओढली जात नाही, आणि पहाटेचा गजरही लावावा लागत नाही.

आम्ही पुढच्या फेरीत प्रश्नच बदलला. 'समाधानी आहात का' काढून टाकलं. "पाण्यासाठी घरात कोण उठतं, किती वाजता?" एवढंच ठेवलं. त्याच आजींकडे पुन्हा गेलो. त्यांनी प्रश्न ऐकला, स्वयंपाकघराकडे मान वळवली आणि म्हणाल्या, "हिला विचारा."